पहिला महिना झाकण लावू नये

टिपणिसांच्या घरी गेलं की आधी नळाला हात लावावा लागे. धुवायचा नाही, नुसता लावायचा. दार उघडून ते बाजूला होत, स्वयंपाकघराकडे बोट दाखवत आणि म्हणत, "आधी नळ." मग ओट्यापाशी भाजी चिरत उभ्या असलेल्या टिपणीसकाकूंकडे बघून ओशाळं हसायचं, नळाला पाच बोटं टेकवायची आणि बाहेर येऊन उभं राहायचं. त्यामुळे म्हणे अंगातली वीज लोखंडी पाइपातून जमिनीत जाते आणि कॉम्प्युटरचे नाजूक भाग वाचतात. डोंबिवलीच्या हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे अंगात कुठली वीज साठणार, हे मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी मी मुकाट्यानं नळाला हात लावून आले आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नायलॉनची साडी," ते म्हणाले. "उद्या सुती नेसून या."

"बरं, काका," मी म्हटलं.

"मी कोणाचा काका नाही."

तुम्ही या माणसाला कधी भेटला नाहीत, हे तुमचं नशीब. मी सहा वर्षं त्यांच्याच इमारतीत राहिले. मी पहिल्या मजल्यावर आणि ते तिसऱ्या. अंगानं काडी, केस पांढरे आणि बारीक कापलेले, शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवलेला टेस्टर. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी सुटे भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला आणि मग कोणी विचारलं की त्यालाही शिकवायला लागले. त्याबद्दल कोणाकडून काही घेत नसत. त्यामुळे आमच्या इमारतीतच नव्हे, पार ठाकुर्लीपर्यंत त्यांचं नाव आदरानं घेतलं जाई. फुकट शिकवणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मी त्यांच्याकडे हौसेनं गेले नव्हते. ठाण्यात नौपाड्याला प्रधानांचा छापखाना होता. तिथे मी आधी टायपिस्ट होते आणि मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा पानं लावायला शिकले. त्या वर्षी सासूबाई मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना सोडून ठाण्याला जाणं शक्य नव्हतं. प्रधान माणूस बरा. ते म्हणाले, "सुनंदाबाई, घरी मशीन असेल तर दिवाळी अंकाचं सगळं मॅटर तुम्हालाच देतो. नसेल तर कळव्याची एक मुलगी तयार आहे. मला थांबता येणार नाही." तयार मशीन आम्हाला झेपणारं नव्हतं. माझे यजमान, वसंत, कोणाकोणाला विचारून आले आणि म्हणाले, सुटे भाग आणून जोडलं तर जमेल. जोडणार कोण? वरचे टिपणीस. माझी अकरा वर्षांची नोकरी अशी त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहिली.

मला वाटलं होतं, ते जोडतील आणि मी बघेन. त्यांनी मला पाटासारखी एक खुर्ची दिली आणि वही काढायला सांगितली. त्यांच्याकडे एक कागद होता. वर लिहिलेलं, "नवशिक्यांसाठी सूचना", आणि खाली बारीक अक्षरात चौदा कलमं. तो कागद ते कोणाच्या हातात देत नसत. मोठ्यानं वाचत आणि आपण लिहून घ्यायचं.

"झेरॉक्स काढून आणू का?" मी विचारलं.

"झेरॉक्स मशीनला समजून काय करायचंय? लिहा. एक. विजेच्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही ते आधी तपासणे."

या पहिल्या कलमातच माझे आठ दिवस गेले. होल्डरला दोन वायरी जोडून, त्यात बल्ब लावून आमच्या घरातलं प्रत्येक सॉकेट त्यांनी माझ्याकडून तपासून घेतलं. बल्ब कुठेच पेटेना. बिल्डरनं अर्थिंगचं तिसरं भोक नुसतं शोभेला ठेवलं होतं. सोसायटीच्या चिटणिसांशी मीच भांडले, वायरमन मीच आणला, आणि तळमजल्यापासून वायर चढवून घेतली. बल्ब पेटला तेव्हा मी धावत वर सांगायला गेले. ते म्हणाले, "आधी नळ."

वसंतानं दोन खेपांत मुंबईहून भाग आणले. खोकी आमच्या पलंगाखाली राहिली, कारण जोडायचं आमच्याच घरी असं टिपणिसांनी ठरवलं होतं. संध्याकाळी पाच वाजता ते येत आणि खुर्चीत हाताची घडी घालून बसत. मी काही उचलायला गेले की म्हणत, "हात मागे. आधी सांगा, काय उचलताय आणि का." चुकलं की हात मागे बांधून उभं राहायचं, शाळेतल्यासारखं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. पलंगावरून सासूबाई सगळं बघत असत.

मदरबोर्डाखाली पितळी खुंट्या येतात आणि स्क्रूच्या डोक्याखाली लाल कागदाच्या बारीक चकत्या. त्यातली एक चकती मी विसरले. बाहेरून काही दिसत नव्हतं. टिपणीस खुर्चीतूनच म्हणाले, "चकत्या किती होत्या?" सहा, मी म्हटलं. "हातात किती उरल्या?" एक. "तुम्ही टायपिस्ट लोक. बोटं हुशार, डोकं रजेवर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सप्टेंबर लागला होता आणि प्रधानांचा फोन शेजारी दोनदा येऊन गेला होता. मी चकती लावली.

पॉवर सप्लायच्या वायरींना टोकाला दोन सारखेच खटके, म्हणजे प्लग, येत, ते बोर्डावर शेजारी शेजारी बसवायचे. उलटे बसवले तर बोर्ड जळून खाक. दोन्हींच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. जिन्यात भेटले, हातात दुधाची पिशवी असली, तरी विचारत, "काळ्या कुठे?" मी म्हणायची, "शेजारी शेजारी." एकदा भाजीवाल्यासमोर विचारलं. भाजीवाला हसला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका संध्याकाळी ते चालू झालं. एक बारीक बीप, पंख्याचा आवाज आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. सासूबाईंनी पलंगावरूनच हात जोडले. मी साखर घेऊन आले आणि चमचाभर टिपणिसांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, हात झटकले आणि म्हणाले, "आता सगळं सुटं करा."

"का? चालतंय ना!"

"चालतंय म्हणजे कळलं असं नाही. करा सुटं."

असं सात वेळा झालं. जोडायचं, चालू करायचं आणि सुटं करायचं. वसंत म्हणाला, "अगं, सोड ना त्या म्हाताऱ्याला. आता चालतंय तर लाव झाकण आणि काम सुरू कर." मी तेच करणार होते. पण टिपणिसांच्या कागदावर नववं कलम होतं: पहिला महिना झाकण लावू नये. झाकण लावलं की आत काय आहे ते माणूस विसरतो, असं त्यांचं म्हणणं. सातव्यांदा जोडल्यावर त्यांनी मला काम सुरू करायची परवानगी दिली, पण झाकणाचे चारही स्क्रू स्वतःच्या खिशात घालून घेऊन गेले. महिना भरला की मिळतील म्हणाले. मी उघड्या कॅबिनेटवर सासूबाईंचं जुनं पातळ पांघरून पानं लावत बसले. रोज सकाळी वसंताच्या डब्याच्या पिशवीत फ्लॉपी जाई आणि ठाण्याला प्रधानांकडे पोचे. निम्मा अंक झाला.

मग दसरा आला. तेविसावा दिवस होता. सोमवारी सकाळी शेवटची बत्तीस पानं द्यायची होती आणि दसरा गुरुवारी. सासूबाईंचं माहेर सांगोल्याकडचं. तिथे दसऱ्याला विहिरीवरच्या इंजिनाची पूजा होई, आणि नारळ इंजिनाच्या पुढ्यातच वाढवायचा, त्याच्या पायाशी पाणी पडलं पाहिजे, अशी रीत. "घरात नवीन यंत्र आलंय," त्या म्हणाल्या. "तुझी भाकरी आहे ती. दाराबाहेर नारळ वाढवून कसं चालंल? आन् चालू ठेव, दिवा लागलेला दिसू दे."

मी कॅबिनेट चौरंगावर ठेवलं, झेंडूची माळ मॉनिटरला घातली, बाजूला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पातळ काढून ठेवलं होतं, पूजेला जुनेर नको म्हणून. वसंतानं नारळ पाट्यावर धरला आणि वरवंट्यानं घाव घातला. नारळ दोनदा नुसता दणकला. तिसऱ्या घावाला तो असा फुटला की पाण्याची चिळकांडी आडवी उडाली आणि थेट उघड्या कॅबिनेटमध्ये गेली. फट् असा आवाज झाला. पडदा काळा पडला. पंखा थांबला.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. टिपणिसांनी दार उघडलं.

"मशीनमध्ये पाणी गेलं! नारळाचं!"

"आधी नळ," ते म्हणाले.

आणि मी गेले. अजून आठवलं की स्वतःचा राग येतो, पण मी खरंच आत गेले आणि नळाला हात लावून आले.

"मेन वायर काढली?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

खाली आले तेव्हा वसंतानं वायर ओढून काढली होती. टिपणीस मागोमाग आले आणि खुर्चीत बसले. मी म्हटलं, "तुम्ही बघा ना. प्लीज."

"मी हात लावला तर ते माझं मशीन. उघडा."

तिथे माझा बांध फुटला. मी ओरडले, "तुमच्यामुळे झालंय हे! झाकण असतं तर पाणी वरच्या वर ओघळून गेलं असतं! तुम्ही स्क्रू खिशात घालून फिरताय! माझं काम गेलं तर तुम्हाला काय?"

टिपणीस शांतपणे म्हणाले, "नारळ मी नाही फोडला."

"वाढवला म्हणा," पलंगावरून सासूबाई बोलल्या. सणाच्या दिवशी फोडणं त्यांना चालत नसे.

मी उघडलं. एकेक कार्ड, रॅम, प्रोसेसर, दोन खटके, सहा स्क्रू, सहा चकत्या. कुठे काय आहे ते माझ्या हातांना शोधावं लागत नव्हतं. सात वेळा केलं होतं. तेव्हा हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. "नारळाचं पाणी सुकलं तरी खार राहतो," ते म्हणाले. "तो हळूहळू खातो. धुवावं लागेल." बोर्ड धुवायचा हे ऐकून वसंत त्यांच्याकडे बघतच राहिला. टिपणिसांनी त्याला गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणायला पिटाळलं. गॅरेजमध्येही पूजा चालू होती. वसंत दोन बाटल्या आणि कागदात बांधलेले पेढे घेऊन आला. मी परातीत बोर्ड धरून नव्या टूथब्रशनं हलक्या हातानं धुतला, तीनदा. मग तो टेबलफॅनसमोर उभा करून ठेवला.

"दोन दिवस," टिपणीस म्हणाले.

"सोमवारी पानं द्यायची आहेत. उद्या लावून बघते."

ते उठले, जमिनीवर पडलेली मेन वायर उचलली, गुंडाळली आणि काखेत मारली. "शनिवारी संध्याकाळी आणतो."

शुक्रवारी दुपारी बोर्ड हाताला कोरडा लागत होता. मी वर गेले. दार काकूंनी उघडलं आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "नाही म्हणून सांग." शनिवारी सकाळी पुन्हा गेले. दारच उघडलं नाही. शेजारी प्रधानांचा फोन आला. मी म्हटलं, सोमवारी देते. ते म्हणाले, "बाई, खरं सांगा. कळव्याच्या मुलीला सांगून ठेवू का?" मी म्हटलं, सांगू नका. फोन ठेवून मी शेजाऱ्यांच्या घरातच रडले. त्या दोन दिवसांत मी त्या माणसाला जेवढ्या शिव्या मनात दिल्या तेवढ्या जन्मात कोणाला दिल्या नाहीत.

शनिवारी पाचला ते वायर घेऊन आले. मी सगळं जोडलं. ते बघत होते. शेवटचे दोन खटके हातात घेतले तेव्हा त्यांनी विचारलंच, "काळ्या कुठे?" मी नुसते बसवले. त्यांनी वायर पुढे केली, मी लावली आणि बटण दाबलं.

एक बीप. पांढरी अक्षरं.

सासूबाईंनी डोळे पुसले. मी टिपणिसांकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यानंतर एक बरा शब्द तरी येईल असं मला वाटलं, माझी चूक. ते म्हणाले, "का चालू झालं, सांगा बघू."

"बाहेर व्हा," मी म्हटलं.

"काय?"

"स्क्रू ठेवा आणि माझ्या घरातून बाहेर व्हा."

त्यांनी खिशातून चार स्क्रू काढून चौरंगावर ठेवले. मी त्यांच्या देखत झाकण बसवलं आणि चारही स्क्रू पिळून पिळून आवळले. शेवटचा आवळेपर्यंत ते उभे होते, मग गेले. रविवारभर बसून मी बत्तीस पानं लावली आणि सोमवारी सकाळी वसंताच्या पिशवीत फ्लॉपी गेली. काम माझ्याकडेच राहिलं, त्या वर्षी आणि पुढेही.

त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही. जिन्यात ते समोरून आले की मी कठड्याकडे सरके, ते भिंतीकडे. इमारतीत मला लोक सांगत, एवढ्या देवमाणसाशी असं वागू नये. मी म्हणायची, देव तुमचा. दर वर्षी कोणी ना कोणी नवा माणूस वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना दिसे आणि मला त्याची दया येई. एक मात्र सांगते. या चार वर्षांत माझं मशीन अनेकदा बंद पडलं आणि एकदाही मी कोणाला बोलावलं नाही. झाकण काढायचं, डावीकडून बघत जायचं आणि दोष कुठे आहे तो सापडायचाच. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत हे मला कळतं. मानवत नाही.

ते एका सकाळी पेपर वाचता वाचता गेले. मी वर जाऊन आले, काकूंना भेटले. लोक रडत होते. मला रडू आलं नाही आणि आणायचा प्रयत्नही मी केला नाही.

दीड-दोन महिन्यांनी काकू खाली आल्या. हातात तो कागद होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला. घड्या पडून मधोमध फाटायला आला होता. "अगं, अजून लोक येतात," त्या म्हणाल्या. "हे नाहीत म्हटलं तर म्हणतात, निदान कागद दाखवा. मला काही यांच्यासारखं वाचून समजावता येत नाही. तू टाइप करून पंचवीस प्रती काढून देशील? तुझ्याशिवाय कोणाला सांगू?"

नाही म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. काकूंकडे बघून घेतला.

कागद मॉनिटरला टेकवून मी टाइप करायला बसले. मजकूर मला पाठच होता, मी बघतही नव्हते. एक, अर्थिंग तपासणे. दोन, नळास हात लावणे. आठ, काळ्या वायरी मधे, शेजारी शेजारी. नऊ, पहिला महिना झाकण लावू नये. पूर्णविराम देऊन दहाव्याकडे वळले आणि ओळ चुकली म्हणून कागदाकडे नजर गेली. नवव्या कलमापुढे आणखी काही लिहिलेलं होतं. माझ्या वहीत ते नव्हतं. बाकीचा कागद निळ्या शाईनं लिहिलेला आणि हे काळ्या बॉलपेननं, कंसात, बारीक आणि तिरकं: "मधे दसरा येत असल्यास लावावे."

मी उठून पाणी प्यायले. मग पुन्हा येऊन वाचलं. हा माणूस चार वर्षं जिन्यात भिंतीला घासून माझ्या समोरून गेला. वर जाऊन, पेन उघडून, हे लिहायला याला जमलं. अनोळखी लोकांना वाचून दाखवायला जमलं. दोन मजले उतरून माझ्या दारात येऊन बोलायला काय झालं होतं? मला इतका राग आला की मी रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "तोंड नव्हतं का?" सासूबाईंनी विचारलं, कोणाला बोलतेस गं? मी म्हटलं, कोणाला नाही. माझे डोळे भरले होते आणि त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी पंचवीस प्रती घेऊन मी वर गेले. दार उघडल्यावर पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले, ते मी थांबवले. काकूंनी चष्मा लावून एक प्रत वरपासून खालपर्यंत वाचली आणि मधेच थांबल्या.

"हा दसरा इथे कुठून आला गं? यांना सणवार म्हटलं की कपाळाला आठ्या. चुकून लिहिलं असणार. काढून टाक ते."

"नाही काकू," मी म्हटलं. "राहू द्या. तेवढं एक त्यांनी बरोबर लिहिलंय."